मागे सरकणारी खूण

३ जून, बुधवार

डॉक्टरांनी सांगितलंय की सासूबाईंचं रोजचं लिहून ठेवा. काय खाल्लं, किती झोपल्या, धाप किती लागली. म्हणून ही वही आणली. तर खाल्लं, अर्धी वाटी मऊ भात. झोप, दुपारभर. धाप लागते, पण मला बोलताना लागत नाही. मला बोलायला त्यांना श्वास कसा पुरतो, याचं उत्तर डॉक्टरांकडेही नाही.

काल त्यांना दवाखान्यातून घरी पाठवलं. पाठवलं म्हणजे, आता इथे ठेवून उपयोग नाही असं मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ह्यांनी घरी येईपर्यंत कोणाला काही सांगितलं नाही, आणि घरी आल्यावर सांगायची गरज उरली नाही, तोंडावरच लिहिलेलं होतं. सासूबाईंनी पलंगावर टेकल्या टेकल्या जाहीर केलं की जायला त्यांची हरकत नाही, पण एक काम राहिलंय. जन्मभर दर रविवारी चर्चमध्ये पवित्र शास्त्राचे तुकडे ऐकले, इथला एक अध्याय, तिथला अर्धा. बाकीचा आठवडा लाँड्रीत गेला. सगळं शास्त्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या आमेनपर्यंत एकदाही कानावरून गेलेलं नाही.

"एकदा सगळं ऐकते आणि मग जाते," म्हणाल्या. सुरात रडणंबिडणं काही नव्हतं. गिऱ्हाइकाला कपडे कधी मिळतील ते सांगतात तसं सांगितलं.

हे रडले. मी चहा ठेवला, कारण कोणीतरी ठेवायला हवा होता.

५ जून, शुक्रवार

काल आमच्या चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. वयानं लहान आहेत, मंडळीत येऊन वर्ष झालं असेल नसेल, त्यामुळे उत्साह दांडगा. म्हणाले, हे एकट्या घराचं काम नाही, मंडळी मिळून वाचेल. रोज संध्याकाळी तासभर, पाळीपाळीनं. सासूबाईंनी लगेच अट घातली की काही गाळायचं नाही. नावांच्या यादीसुद्धा नाही. पाळकसाहेबांचा चेहरा जरा पडला, पण माणूस शब्दाचा पक्का निघाला.

आता आमचं घर म्हणजे पुढची खोली लाँड्री आणि मागच्या खोलीत सासूबाईंचा पलंग. मध्ये पडदा. चर्चमधून सहा खुर्च्या आल्या, त्या मागच्या खोलीत मावल्या, पण इस्त्री केलेले कपडे टांगायचे कुठे? शेवटी दांडी त्यांच्या डोक्यावरूनच नेली. आज पहिल्या वाचनाला पाळकसाहेबांच्या कपाळावर एका वकिलाची पँट लोंबत होती. जग निर्माण होईपर्यंत त्यांनी ती तीनदा बाजूला सारली.

नव्याचे नऊ दिवस. पंधरवड्यात सगळे दमतील. या वहीत कोणी डोकावणार नाही म्हणून लिहिते, मलाही हे लवकर आटपलं तर हवंच आहे. या घरात आल्या दिवसापासून इस्त्री करतेय, आणि एका कॉलरला त्यांनी बरं म्हटलेलं नाही. हातात घेतात, उजेडाकडे धरतात, आणि खाली ठेवतात. ते खाली ठेवणं सहन करून बघावं कोणी.

११ जून, गुरुवार

वाचणाऱ्यांत दोघे पट्टीचे आहेत. एक हेडमास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वर्ग सुटलेला नाही. दोन ओळी वाचतात आणि मग चष्मा काढून त्या समजावून सांगतात. चष्मा निघाला की मी पुढच्या खोलीत दुसरी इस्त्री तापत ठेवते, तेवढ्यात तीन शर्ट होतात.

दुसरे ड्रायव्हरभाऊ. तीस वर्षं बस चालवली. त्यांच्या लेखी वाचन म्हणजे रस्ता. स्वल्पविराम म्हणजे हात दाखवणारा माणूस, त्याच्यासाठी थांबायचं नाही. पूर्णविरामाला जरा वेग कमी करतात, इतकंच. काल त्यांनी मास्तरांचा अख्ख्या आठवड्याचा अनुशेष तासात भरून काढला. एक महापूर तर असा आला आणि ओसरला की पाळकसाहेबांचं पान उलटायचं राहिलं.

ड्रायव्हरभाऊंना मी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली. मास्तरांनाही दिली, पण मऊ पडलेली.

सासूबाई एक पोळी, पातळ भाजी. धाप सकाळी एकदा.

२० जून, शनिवार

आज नावांची यादी आली. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला. सगळ्यांना वाटलं आता सासूबाईंना झोप लागेल. झोप कसली, त्या उशीला टेकून उठून बसल्या. मास्तरांना मध्येच थांबवून विचारतात, हा थोरला की धाकटा? ह्याची आई कोण? आईचं नाव दिलेलं नाही म्हटल्यावर नाराज झाल्या. म्हणाल्या, एवढ्या सगळ्यांना जन्म दिला तो काय पुरुषांनी?

मग एकाचं वय आलं, पाचशे वर्षांच्याही वर. खोलीत सगळे भक्तिभावानं गप्प. मी पडद्याआड चादरीची घडी घालत होते, तोंडातून निघून गेलं, "त्याच्या सुनेचं काय झालं असेल."

आतून असा आवाज आला की मला वाटलं धाप लागली. घडी टाकून धावले. धाप नव्हती, हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि मास्तर चष्मा हातात धरून माझ्याकडे असे बघत होते की मी वर्गाबाहेरच गेले.

माझ्या बोलण्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. लिहून ठेवते, डॉक्टरांच्या कामाचं नसलं तरी.

१८ जुलै, शनिवार

नव्याचे नऊ दिवस कधीच सरले, माणसं अजून येतात. ड्रायव्हरभाऊंची बायको, दोन शिक्षिका, चर्चचा पेटीवाला. खुर्च्या कमी पडतात तेव्हा कपड्यांच्या गाठोड्यांवर बसतात. बसायचं तर बसा, पण पांढऱ्यांवर नको, एवढंच माझं म्हणणं.

आज चहाच्या वेळी ड्रायव्हरभाऊंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "रोज मीच वाचलं तर माझ्या वेगानं ऑगस्टअखेर पोहोचतो बघा." सगळे हसले आणि मग कुठे पोहोचतो ते लक्षात आलं. ह्यांनी कप खाली ठेवला आणि उगाच नळ बंद आहे का बघायला गेले. सासूबाई म्हणाल्या, ठीक आहे, ऑगस्ट चालेल.

त्यांना चालेल. मला नाही चालणार. ऑगस्टमध्ये हॉटेलचे सगळे पडदे आणि टेबलक्लॉथ येतात, वर शाळांचे गणवेश. अशा दिवसांत घरात काही झालं, दुकान आठ दिवस बंद राहिलं, तर हॉटेलवाला दुसरी लाँड्री बघेल. मी फक्त धंद्याचा विचार करतेय. कोणीतरी करायला हवा.

१९ जुलै, रविवार

शास्त्रात खुणेला आमचीच चिंधी आहे, कपड्यांना नंबर टाचतो ती. आज धूळ पुसताना पुस्तक हलवलं तर ती दोन अध्याय मागे गेली. सहज.

२३ जुलै, गुरुवार

कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. सध्या देवाच्या मंडपाची मापं चालली आहेत. किती हात लांब, किती हात रुंद, पडद्याला किती कड्या. परवा वाचलेला अध्याय काल पुन्हा वाचला. मास्तरांनी तेच समजावलं, तोच विनोद केला, आणि तीच माणसं त्याच जागी हसली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. डोळे त्यांनी बरेच आधी मिटले होते.

धाकधूक होती ती एका सासूबाईंची. ज्या बाईला वीस शर्टांतून केसाएवढी सुरकुती दिसते, तिला एवढा मोठा मंडप दुसऱ्यांदा उभारलेला कळणार नाही? छताकडे बघत पडून होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. वय झालं, दुसरं काय. कान गेले असतील.

मला उलट वाईट वाटलं. का ते माहीत नाही.

२९ जुलै, बुधवार

काहीतरी गडबड आहे. काल मी खूण एकच अध्याय मागे घेतली होती. मला नीट आठवतंय, खांबांच्या तिथे. आज उघडलं तर ती थेट पडद्यांवर. चोराच्या मनात चांदणं, म्हणून कोणाला विचारताही येईना. उंदीर म्हणावा तर उंदीर चिंधी कुरतडेल, नीट मधोमध घालून ठेवणार नाही.

आज ड्रायव्हरभाऊंची पाळी होती. सुसाट निघाले, आणि पान संपता संपता एकदम ब्रेक दाबला. म्हणाले, "हा स्टॉप आपण आधी घेतला होता ना?"

माझ्या हातातली इस्त्री तशीच वर राहिली. पण मास्तर धावून आले. त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं की शास्त्रात पुनरुक्ती हेतुपुरस्सर असते, अडाण्याला ती चूक वाटते. मग पुनरुक्ती म्हणजे काय हे त्यांनी अर्धा तास सांगितलं, बऱ्याच पुनरुक्तीसह. तेवढ्यात वेळ संपली. देवाला काळजी.

मास्तरांना नव्या पुड्यातली बिस्किटं दिली. ड्रायव्हरभाऊंना चहा कढत दिला, म्हणजे पिऊन होईस्तोवर वेळ जाईल. माणूस वाईट नाही, पण एवढी घाई कशाला म्हणते मी.

३ ऑगस्ट, सोमवार

उंदीर सापडला. दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मी गठ्ठा घेऊन आत गेले तर हे पलंगाशेजारी उभे, शास्त्र उघडलेलं, जीभ दातांत धरलेली, आणि दोन बोटांनी चिंधी अलगद मागे नेत होते. लहानपणी साखरेच्या डब्याशी असेच उभे राहत असतील.

मला बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले.

"मापं नीट वाचली गेली नव्हती," म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं."

मग त्यांनी पुस्तक मिटलं, मी गठ्ठा खाली ठेवला, आणि तो विषय पुन्हा काढला नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. फक्त ठरवून घेतलं की ते सोमवारी आणि गुरुवारी बघतील, एरवी मी. दोघांनी एकाच दिवशी बघितलं तर आपण पुन्हा जगाच्या उत्पत्तीला जाऊ.

९ ऑगस्ट, रविवार

मनाला लागून राहिलं होतं. शास्त्राशीच लबाडी करायची म्हणजे काय. उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, एक ओळखीची बाई आहे, ती वाचून झालेला अध्याय पुन्हा पुन्हा वाचायला लावते आणि कोणाला सांगत नाही. हे पाप धरतात का?

पाळकसाहेबांनी बाहीचं बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले की तेच तेच वाचणं पाप असतं तर त्यांची नोकरी केव्हाच गेली असती. थोडं पुढे गेले आणि वळून सांगितलं, "ताई, त्या ओळखीच्या बाईला सांगा, शुक्रवारी सरकवायची गरज नाही. शुक्रवारी माझी पाळी असते."

मला आधी उमजलं नाही. घरी येऊन भांडी घासताना उमजलं आणि एक ताट हातातून पडलं.

२६ ऑगस्ट, बुधवार

हॉटेलचे पडदे आले आणि गेले. गणवेशही झाले. गर्दीची सबब आता उरलेली नाही, पण सप्टेंबरात लग्नाचे सूट येतात, म्हणजे तेही दिवस बरे नाहीत.

किती काळजी घेतली तरी मंडप केव्हाच मागे पडला. राजे संपले, लढाया संपल्या, संदेष्ट्यांचं रागावणंही अर्ध्यावर आलंय. कितीही मागे ओढलं तरी रोज तासभर वाचणारी एवढी माणसं, पान पुढेच जातं. पालथ्या घड्यावर पाणी.

आज ड्रायव्हरभाऊंचा घसा बसला. वाईट वाटल्यासारखं दाखवलं. दुसरं कोणी नव्हतं म्हणून सासूबाईंनी मला हाक मारली. म्हटलं, आई, मला नाही येत असं मोठ्यानं वाचायला. म्हणाल्या, भांडायला येतं ना मोठ्यानं? त्याच आवाजात वाच.

वाचलं. हात ओले होते, पानावर बोटांचे डाग पडले. अध्याय संपल्यावर त्या म्हणाल्या, "बरं वाचतेस. घडी नीट बसते."

मी पुढच्या खोलीत आले आणि एकच शर्ट दोनदा इस्त्री केला.

खाल्लं, दोन चमचे. हे आधी लिहायला हवं होतं.

१४ सप्टेंबर, सोमवार

आता दुपारचं वाचन मीच करते, संध्याकाळचं मंडळी. नवा करार लागला. तो काही फार मोठा नाही, हे मला आत्ता कळतंय.

आज पुस्तक उघडलं, वाचायला सुरुवात केली, तर सासूबाईंनी हात वर केला.

"काल आपण इथे नव्हतो."

"वाऱ्यानं सरकली असेल खूण," मी म्हटलं.

"पंखा जूनपासून बिघडलाय."

त्यांनी डोळे मिटले आणि हळूहळू बोलायला लागल्या. मध्ये मध्ये श्वास घेत होत्या, पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणाल्या, तू सरकवतेस, हा सरकवतो, तो पोरगेला पाळक सरकवतो, आणि तुम्हा सगळ्यांना वाटतं म्हातारी बहिरी झाली. त्या मंडपाच्या कड्या मला पाठ झाल्यात, लाकूड आणून द्या, उभारून देते.

"मग बोलला का नाहीत इतके दिवस?" मी विचारलं.

"मला तरी कुठे घाई होती," सासूबाई म्हणाल्या.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. इस्त्रीच्या वाफेनं भाजल्याचे डाग आहेत तिथे. त्यांच्याही मनगटावर तिथेच आहेत, हे मी कधी बघितलं नव्हतं.

"आता दमले गं मी. आता खूण पुढेच जाऊ दे."

हो म्हटलं. नाही कसं म्हणणार. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तेव्हा ते दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याच्या आत बसून राहिले. मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला त्या जायला नको आहेत. धंदाबिंदा काही नाही, मला त्या जायला नको आहेत, बस.

६ ऑक्टोबर, मंगळवार

चिंधी कोणी हलवत नाही. शेवटचा एकच अध्याय राहिलाय. पाळकसाहेबांनी ठरवलंय की तो रविवारी सगळ्या मंडळीनं मिळून वाचायचा, आमच्या घरी, मग प्रार्थना आणि गाणी. चर्चमधून वीस खुर्च्या येणार. वीस खुर्च्या कुठे मांडणार ते त्यांना विचारलं तर म्हणाले, विश्वास ठेवा. विश्वास आहे, जागा नाही.

मास्तरांनी त्या अध्यायावर भाष्य लिहून काढलंय. ड्रायव्हरभाऊ रोज मिठाच्या पाण्यानं गुळण्या करताहेत. एका ओळीवरून दोघांचं जुंपलं की ती कोणी वाचायची, आणि ती आमच्याच दारात. सासूबाई ऐकत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी एक भुवई वर केली. या बाईच्या एका भुवईत जेवढं असतं तेवढं लोकांच्या भाषणात नसतं.

खाल्लं नाही. पाणी घेतलं. झोप बरीच.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दुपारचं लिहिते. लिहिल्याशिवाय बरं वाटणार नाही.

गुरुवारी गिऱ्हाईक कमी, म्हणून मी दुपारीच काम आवरलं. इस्त्री बंद केली तेव्हा सासूबाईंनी आतून विचारलं, प्लग काढलास का, आणि मी हो म्हटलं. मग जरा वेळानं हाक मारली. आत गेले तर म्हणाल्या, "तो शेवटचा आत्ताच वाच."

म्हटलं, आई, रविवारी सगळे येणार आहेत, पाळकसाहेबांनी किती तयारी केलीय.

"त्या गर्दीत मला नको. ड्रायव्हर सुसाट नेईल आणि मास्तर पोहोचूच देणार नाही. तू वाच."

ह्यांना बोलावू का विचारलं. नको म्हणाल्या. त्याच्याशी माझं सकाळीच बोलून झालंय, म्हणाल्या. मग मी खुर्ची ओढून जवळ घेतली आणि वाचायला लागले. जेवढं सावकाश जमलं तेवढं सावकाश. मध्ये एकदा म्हणाल्या, मी काय बहिरी आहे का, एवढं तोडून तोडून वाचायला. थोडा वेग वाढवला. एका जागी मला पुढचं दिसेना. डोळे पुसून पुन्हा तीच ओळ घेतली, तर म्हणाल्या, "ही झाली. आणि पुस्तकावर पाणी पाडू नकोस, शाई पसरते."

शेवटची ओळ आली. वाचली. आमेन दोघींनी म्हटलं, त्यांचं माझ्या आधी झालं. मी पुस्तक मिटेना, आणि वर बघायचंही धाडस होईना. पानाकडे बघत तशीच बसले.

मग त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "इस्त्री चालू राहिली की काय, वास येतोय. बघून ये जरा."

मी वर बघितलं, उठले आणि गेले. इस्त्री गार होती, प्लग काढलेला, वायर गुंडाळलेली. तरी हात लावून बघितला. खालचं कापड उचलून बघितलं, जळलं नव्हतं. मग एका शर्टाची कॉलर दांडीवर वाकडी झाली होती ती सरळ केली. आत येता येता म्हटलं, आई, बंदच आहे हो. उत्तर आलं नाही. पुन्हा म्हटलं.

तोंड भिंतीकडे होतं आणि हात चादरीवर, नीट. अशी झोपलेली मी त्यांना कधी बघितली नव्हती, कपाळावर एकही आठी नव्हती.

त्यांना वास कसला आला, मला अजून कळत नाही. डॉक्टर म्हणाले, शेवटी शेवटी भास होतात. असेल. पण आवाज खणखणीत होता आणि नजर अगदी माझ्या तोंडाकडे होती. मी बसून राहायला हवं होतं. नेमकी ती दोन मिनिटं मी बाहेर होते, गार इस्त्रीला हात लावून बघत. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी चष्मा नसताना चष्मा पुसल्यासारखं केलं. मास्तरांनी काहीच समजावून सांगितलं नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की आता खरंच संपलं.

ह्यांना म्हटलं, माझं चुकलं, मी जायला नको होतं.

हे म्हणाले, "आईनं कामाला पाठवलं आणि तू गेलीस. आमच्या घरात तुझ्याएवढं तिचं कोणी ऐकलं नाही. मीसुद्धा नाही."

आणि मग मी जी रडले ती थांबेना, हॉटेलच्या धुतलेल्या चादरीत तोंड खुपसून रडले, आणि ती चादर पुन्हा धुवावी लागणार आहे.